‘काम द्या’ म्हणणाऱ्यांना

लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यावर जमा व्हायला लागल्यापासून एक वाक्य मी लग्नाच्या मांडवात, एसटीत, बँकेच्या रांगेत सारखं ऐकतो: “लोकांना फुकट वाटण्यापेक्षा सरकारने काम द्यावं.” म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक जण कष्टातून वर आलेले असतात आणि मनापासून बोलतात. त्यांचं म्हणणं मलाही पटतं, कारण माझी सगळी नोकरी तेच काम देण्यात गेली. १९८४ साली मी लघुपाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत रोजगार हमीची मोजमाप पुस्तिका हातातून सुटली नाही. भाग बराचसा माण-खटावचा, पाऊस कधी येईल आणि येईल की नाही याचा भरवसा नसलेला. त्यामुळे “काम द्यावं” असं कुणी म्हणालं की माझ्या मनात लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात. कोणतं काम? गावापासून किती लांब? मोजणार कोण? पैसे किती दिवसांनी? आणि ज्याच्याने काम होत नाही त्याचं काय?

हे प्रश्न अडवण्यासाठी विचारत नाही. काम देणं ही सरकारने करायच्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी एक आहे असं माझं ठाम मत आहे. पण पैसे वाटण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे, आणि अर्धवट केलं तर गरिबाला त्याचा जाचच होतो. हे सांगायलाच लिहायला बसलो आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना बाहेरून कुणी शिकवलेली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमारास तासगाव तालुक्यात, विसापूरला, हा प्रयोग करून पाहिला. कल्पना अशी की अंगमेहनत करायची तयारी असलेल्या खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने काम मागितलं, तर ते देणं सरकारला बंधनकारक. मागेल त्याला काम. १९७२ साली योजना राज्यात सुरू झाली आणि त्याच वर्षी दुष्काळाने गाठलं. १९७३च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. त्या पिढीतल्या कुणाशीही बोला, तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी यांची आठवण निघतेच. शेतात काही पिकलं नव्हतं, तरी हातात मजुरी होती म्हणून घरं तगली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राचा कायदा यायला त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ गेला. तो, म्हणजे मनरेगा, २००५ साली झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरू झाला.

या सगळ्याला पैसा कुठून आला, हे आजच्या पगारदारांना बहुधा ठाऊक नसतं. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला तो या हमीसाठी. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तोच. कराचा जेवढा पैसा जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं होतं. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाने माणच्या माळावरच्या बांधासाठी कर भरला. शहराने खेड्याशी केलेला इतका सरळ करार मला दुसरा माहीत नाही, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आता प्रत्यक्ष कामावर येतो.

रोजगार हमीवर माती खणणाऱ्याची मजुरी नुसत्या हजेरीवर ठरत नाही, मापावर ठरते. आठवडाभर गटाने चौकड्या, म्हणजे चौकोनी खड्डे, खणायच्या. मग आम्ही टेप घेऊन जायचो. लांबी, रुंदी, खोली. खणताना मधे मूळ जमिनीचा एक खुंट तसाच सोडलेला असायचा, म्हणजे किती खोल गेलेत याबद्दल वाद नको. घनमीटर काढायचे, दराने गुणायचे, येईल ती रक्कम मस्टरवरच्या हजेरीप्रमाणे गटात वाटायची. दर जमिनीच्या जातीवर. माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक. खणलेली माती बांधापर्यंत किती लांब आणि किती उंच न्यायची, त्याचे पैसे वेगळे.

हे कागदावर न्याय्य आहे. पण आमच्या भागात वरची वीतभर माती संपली की टिकाव उसळी मारतो. पुस्तिकेत जमीन मऊ लिहिली आणि प्रत्यक्षात खाली कठीण मुरूम असला, तर सगळा आठवडा उन्हात राबूनही मजुरी ठरलेल्या दराच्या निम्मी पडते. एका पाझर तलावाच्या कामावर असं झालं होतं. अंदाजपत्रकात मुरूम धरला होता आणि तोच दर लावायचा असं वरून सांगणं होतं. पगारवाटपाच्या दिवशी गटातल्या एका बाईने पदरातून दोन ढेकळं आणली आणि टेबलावर ठेवली. “सायब, हातोडी आणा आन् फोडून दावा. ह्याला मुरूम म्हणायचं व्हय?” तिला अक्षरओळख नव्हती, पण दर तोंडपाठ होते. त्या दिवशी वाटप थांबवून आम्ही सगळ्या चौकड्या पुन्हा मोजल्या, थराप्रमाणे वेगळ्या नोंदल्या, आणि फरकाचे पैसे पुढच्या वाटपात दिले. वरिष्ठांना लेखी उत्तर द्यावं लागलं, ते दिलं.

ती बाई भांडू शकली, कारण ती मदत घ्यायला आली नव्हती. तिने काम केलं होतं आणि त्याचे पैसे मागत होती. काम देण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते. मस्टरवर आपलं नाव असलेला माणूस साहेबाशी बरोबरीने बोलतो. आणखी एक. चौकडीचं माप घेताना ती बाईने खणली की बाप्याने, हे कुणी पाहत नाही. घनमीटरला घनमीटर. आमच्याकडे शेतात आजही बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी धरतात. बाईला पुरुषाइतकाच दर आमच्या गावांनी पहिल्यांदा पाहिला तो हमीच्या कामावर.

पण याच्या उलटंही होऊ शकतं, आणि आपल्याच इतिहासात झालेलं आहे. १८७६-७७च्या दुष्काळात इंग्रज सरकारनेही काम काढलं होतं. तेव्हा भीती ही, की लोक आयतं खातील. म्हणून काम मुद्दाम लांब काढायचं, घरापासून दहा-दहा मैल, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल. मजुरी दुष्काळासाठी नेमलेले इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. तेवढ्यावर दिवसभर दगड उचलायचे. जानेवारी १८७७ मध्ये आपल्याकडचे हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव हे त्याच काळातलं दुष्काळी काम. नोकरीत असताना त्याच्या भिंतीवरून मी किती वेळा गेलो असेन. आजही त्याचं पाणी शेतीला मिळतं. बांधकाम उत्तमच आहे. पण ते उभं राहिलं तेव्हा काम हे माणसाची गरज पारखायचं साधन होतं, आणि त्या पारखण्यात माणसं मेली.

पाग्यांच्या योजनेत आणि टेंपलच्या कामात टिकाव तोच, पाटी तीच. फरक इतकाच की एका ठिकाणी माणूस मागतो आणि सरकार बांधलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी सरकार सांगतं आणि माणूस बांधलेला असतो. आज मांडवात “काम करून घ्या, मग पैसे द्या” असं कुणी चिडून म्हणतं, तेव्हा यातलं नेमकं काय त्यांना हवंय हे मी विचारतो.

हमी खरी आहे की नाही हे एका कागदावर कळतं. नमुना ४. कामाची मागणी त्यावर करायची आणि तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो: पहिले ३० दिवस मजुरीचा पाव हिस्सा, नंतर निम्मा. कायद्यात इतकं स्पष्ट आहे. मग भत्ता मिळालेला माणूस तुम्ही पाहिलाय का? फारच विरळा. कारण पोचच दिली जात नाही. “आत्ता काम नाही, आल्यावर सांगतो,” असं तोंडी सांगून परत पाठवतात. मागणीची नोंद नाही म्हणजे मागणी नाही, आणि मग अहवालात येतं की या गावात लोकांना काम नको आहे. ज्या गावातून दिवाळीनंतर निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, त्या गावाबद्दल असा अहवाल मी वाचलेला आहे.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण खरी गोम इथे आहे. लोक मला विचारतात, गावात काम मिळायचा कायदा असताना बीडची, माणची माणसं लेकरंबाळं घेऊन पाचटाच्या कोपीत राहायला का जातात? उत्तर सोपं आहे. मुकादम उचल देतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी, रोख, घरी येऊन. मुलीचं लग्न, दवाखाना, सावकार, सगळं त्यात भागतं. पुढचे पाच महिने ती उचल फेडण्यात जातात, पिळवणूक होते, हे त्या जोडप्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण आपल्या हमीची मजुरी कधी येईल हे त्यांना कुणीच सांगू शकत नाही. कायद्याने १५ दिवसांत यायला हवी. उशीर झाला तर भरपाई दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. सहा दिवसांचे १,८७२ रुपये अडकले, तर भरपाई दिवसाला एक रुपयाही भरत नाही. उद्याच्या पिठाची सोय ज्याला आज करायची आहे, तो महिन्या-दीड महिन्यानंतरच्या मजुरीवर कसा विसंबेल?

पूर्वी वाटप कामावर, रोख व्हायचं. त्यात खोट्या नावांचे, कापाकापीचे प्रकार होते आणि ते मी पाहिले आहेत. रात्री यंत्र लावून माती ओढायची आणि दिवसा मस्टरवर नावं चढवायची, हेही पाहिलं आहे. त्यामुळे पैसे खात्यावर जायला लागले याचा मला आनंदच झाला. पण चोरी थांबवायची म्हणून आता मजुराने किती पायऱ्या चढायच्या! जॉबकार्ड आधारला जोडलेलं, खातं आधारला जोडलेलं, जानेवारी २०२३ पासून सगळ्या सामूहिक कामांवर मोबाईलमधून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी. रेंज नसेल, फोटो चढला नाही, तर तो दिवस वाया. चोरी करणारा तिथे नसतोच. उन्हात उभी राहते ती पाटी उचलणारी बाई.

कामाच्या उपयोगाबद्दलही बोललं पाहिजे. “खड्डे खणायचे आणि बुजवायचे” अशी टीका होते, ती सगळ्या ठिकाणी खोटी नाही. कायद्याने खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जायला हवा, साहित्यावर ४० टक्क्यांपर्यंत. तत्त्व योग्यच आहे, नाहीतर सगळा पैसा सिमेंटवाल्याकडे जाईल. पण रस्त्याची माती टाकून झाली आणि मोऱ्यांचे पैसेच आले नाहीत, की पहिल्या वळवाला तो भराव ओढ्यात जातो. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर पुन्हा माती. असं झालं की मजुराचं मन उडतं. त्याला कळत असतं की आपण टाकलेली माती राहणार नाही.

याच्या उलट चांगल्या जागेवरचा पाझर तलाव. पहिल्या दोन पावसाळ्यांत कुणाला फारसं काही दिसत नाही. मग खालच्या अंगाच्या विहिरींना दिवाळीपर्यंत टिकणारं पाणी होळीपर्यंत टिकायला लागतं. १९९०-९१ पासून फळबाग लागवड हमीला जोडली गेली, तेव्हा तर आमच्या बाजूचे माळच बदलले. सांगोला, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली डाळिंबं आज लोक कौतुकाने खातात. तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पहिले खड्डे हमीच्या पैशातून खणले गेले. मजुरी मजुराला, बाग शेतकऱ्याला, आणि बाग धरली की पुढे वर्षानुवर्षं गावातच काम. नुसत्या पैशाच्या वाटपातून हे उभं राहत नाही. काम देण्याच्या बाजूने माझ्याकडे याहून चांगला पुरावा नाही.

तरी म्हणून लाडकी बहीण बंद करून ते पैसे हमीत घाला, असं मी म्हणणार नाही. हिशोब बघा. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. ३१२च्या दराने ते ५८ दिवसांच्या कामाएवढे होतात. केंद्राच्या २००५च्या कायद्याने १०० दिवस आणि त्यापुढे राज्याच्या खर्चाने हवे तितके दिवस काम मिळायला हवं. तसं खरोखर मिळालं, तर काम कुठल्याही अनुदानापेक्षा मोठं ठरतं. पण सहा महिन्यांचं बाळ असलेल्या बाईने टिकाव घ्यायचा का? पक्षाघात झालेल्या नवऱ्याला सोडून जी घराबाहेर पडू शकत नाही, तिने? सत्तरीच्या म्हातारीने? कामावर पाच लहान मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची, असा नियम आहे. सावली, पाणी, प्रथमोपचार, हेही नियमात आहे. यातलं किती कामांवर असतं ते जाऊन बघावं. कष्ट करू न शकणाऱ्याला “काम करत नाहीस तर पैसे नाहीत” असं म्हणणं म्हणजे पुन्हा दहा मैल चालायला लावणं.

बागायतदार मित्रांची तक्रार वेगळी असते: फुकटच्या पैशामुळे शेताला मजूर मिळेना. मी नोकरीला लागलो तेव्हा हीच तक्रार हमीबद्दल होती. १९८८ साली हमीचा दर शेतमजुरीच्या किमान वेतनाशी जोडला गेला, तेव्हा तर फार ओरड झाली. त्यांची अडचण खोटी नाही. शेतीमालाला भाव नाही आणि मजुरी वाढते, तर शेतकऱ्याने काय करायचं? पण मजूर मिळत नाही याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की सांगितलेल्या पैशात मजूर येत नाही. ज्याच्या घरी आजची भाकरी आहे तो भाव करू शकतो. ती ताकद त्याच्याकडे नसावी, असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला आहे. १०० ऐवजी १२५ दिवस, ही वाढ मला आवडली. पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद नाही आवडली. मृग कोरडा गेला तर आमच्याकडे पेरणीच होत नाही, मग त्या दिवसांत भूमिहीनाने कुठे जायचं? सगळ्यात मोठा बदल पैशाचा आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत होतं. आता महाराष्ट्रासारख्या राज्याला खर्चातले ४० टक्के घालावे लागणार. म्हणजे किती लोकांच्या मागणीची पोच द्यायची, याचा विचार करताना राज्याच्या अर्थखात्याचा हात आखडणार, ही माझी चिंता आहे. काम मागितल्याची नोंद तिजोरी बघून होऊ लागली की हमी संपली.

म्हणून “फुकट नको, काम द्या” म्हणणाऱ्या माझ्या पगारदार मित्रांना एक विनंती. तुमचा व्यवसाय कर अजून दरमहा कापला जातो. तो ज्या कामासाठी बसवला होता त्या कामासाठी आज राज्याला स्वतःचा पैसा लागणार आहे. यंदा तो किती जमला आणि त्यातला किती हमीवर खर्च झाला, हे आपल्या आमदाराला लेखी विचारा. आणि अर्ज दिल्यावर पोच मागायला विसरू नका.